स्वखर्चाने कादंबरीकार व्हा: नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन

कादंबरी लिहून प्रकाशकाकडे दिली आहे आणि 'वाचतो, कळवतो' या उत्तरावर दुसरी दिवाळी आली आहे, अशा मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांची कादंबरी अजून डोक्यातच आहे त्यांनीही वाचावं. त्यांना अजून परत फिरता येईल.

आधी न्यूनगंड काढा

प्रत्येक घराण्यात एक काका असतात. "पदरचे पैसे घालून पुस्तक काढतोयस?" असं ते चारचौघांत विचारणार. त्यांच्यासाठी एक उत्तर पाठ करून ठेवा. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्याने छापली. म्हणजे आधुनिक मराठी कादंबरी ज्यांच्यापासून मोजतात, तेच आपल्या कादंबरीचे संपादक होते. काका तरीही गप्प बसले नाहीत तर अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांनी मित्रांबरोबर काढलेल्या 'शब्द'चं नाव घ्या. पन्नासच्या दशकातलं ते चक्रमुद्रित नियतकालिक. काकांना चक्रमुद्रित म्हणजे काय हे विचारायचा धीर होत नाही, विषय तिथे संपतो.

एक गोष्ट मात्र काकांना सांगू नका. आपट्यांना दर आठवड्याला अंक काढावा लागे आणि समोर वर्गणीदार बसलेले असत. कथानक रेंगाळलं तर आपट्यांना ते त्याच आठवड्यात कळत असणार. तुम्ही चार वर्षं कादंबरी लिहिलीत आणि त्या चार वर्षांत एकानेही विचारलं नाही की पुढे काय झालं. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल. पुढे त्याचे पैसे पडतात.

लेखन

हे वरील आणि खालील कामांतून वेळ उरला तर करावं.

संपादन (ऐच्छिक)

स्वतंत्र लेखकाचं सर्वांत मोठं सुख हे की 'नाही' म्हणायला समोर कोणी नसतं. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात लेखकांच्या नशिबी हे सुख नव्हतं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत, सोबत कथेत काय कमी आहे याचं पत्र. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. अनेकांना ही वागणूक जाच वाटली आणि त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. कोणत्या प्रकारची कथा ही 'चांगली कथा' हे दोन-चार माणसांनी ठरवावं, यात धोका होताच. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. १९८२ मध्ये मासिक बंदच झालं. आता तुमच्या वाटेत कोणीही नाही. जाळायलासुद्धा कोणीतरी संपादक समोर असावा लागतो, ती सोयही राहिलेली नाही.

तेव्हा तुमचे पहिले वाचक तुम्हीच निवडायचे. नवशिक्यांनी तीन प्रकारच्या माणसांकडे हस्तलिखित द्यावं. एक, घरातलं माणूस; ते 'छान आहे' म्हणेल आणि गॅस बारीक करायला उठेल. दोन, कॉलेजातला मित्र. तो कादंबरीत स्वतःला शोधेल, सापडला तर रागावेल, नाही सापडला तर जास्त रागावेल. तिसरा प्रकार म्हणजे खरोखर वाचणारं माणूस. हा प्रकार टाळावा.

तरीही असं माणूस गळ्यात पडलंच, तर काय होतं ते सांगून ठेवतो. समजा, तुमच्या सोसायटीत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्या प्रिंटआउट मागून घेतात, तीन आठवडे ठेवतात आणि कापडी पिशवीत घालून परत आणून देतात. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी. पान २३ वर: 'चहा दोनदा आला.' पान ११२ वर: 'या बाई आधी सोलापूरच्या होत्या, आता नगरच्या कशा?' पान १६० वर: 'डॉक्टर, मोलकरीण आणि सहा वर्षांचा मुलगा एकसारखंच बोलतात.' आणि पान ४१ च्या डोक्यावर, जरा दाबून: 'इथून पान ८८ पर्यंत काही घडत नाही.'

अशा वेळी खचू नये. 'तो शैलीचा प्रयोग आहे' असं नम्रपणे सांगावं. बाई "हो का, असेल" म्हणतात आणि पेन्सिल पर्समध्ये टाकतात. प्रिंटआउट माळ्यावर ठेवा, खूप आत, हाताला लागणार नाही असा.

सोलापूर-नगरचं तेवढं गुपचूप दुरुस्त करा.

संवादांसाठी एक फुकटचा उपाय आहे, तो गमतीत नाही सांगत. स्वतःचे संवाद मोठ्याने वाचा, शक्यतो दार लावून. २०१७ पासून स्टोरीटेलसारखे मंच मराठीत आल्यावर कादंबऱ्या कानाने ऐकणारे वाढले, आणि कागदावर खपून जाणारं बरंच काही कानाला खपत नाही हे लेखकांच्या लक्षात यायला लागलं. तुमची मोलकरीण 'मला असं जाणवतं की' म्हणाली, तर वाचता वाचता तुम्हीच अडखळाल.

अक्षरजुळणी

तुम्ही कादंबरी युनिकोडमध्ये टाइप केलीत, डीटीपी करणाऱ्याचा सगळा संसार श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करताना रफार आणि वेलांटी यांचं भांडण होतं. नायिकेचं नाव कीर्ती असेल तर ती 'कीतीर्' होऊन येते, आणि नवरा तिच्या 'आथिर्क' परिस्थितीची चौकशी करतो. म्हणून नवशिक्यांनी नायिकेचं नाव निवडताना रफार टाळावा. नीला, लता, माधवी सुरक्षित आहेत.

नायकाचं नाव ऐनवेळी बदलू नये, ही दुसरी सूचना. 'राम' जुना वाटतो म्हणून एका आज्ञेत सगळीकडे 'विजय' केलंत, तर पुढच्या प्रुफात तो आविजयखुर्चीत बसून ग्विजयपंचायतीच्या निकालाची वाट बघत असतो. बिचारा पूर्णविविजयापर्यंत पोचतच नाही.

मुद्रितशोधकाला पानामागे पैसे द्यावे लागतात, म्हणून अनेक जण ते काम स्वतः करतात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम फक्त अठरा आहेत, एका रविवारी होतील, असं वाटतं. पण आपणच लिहिलेलं वाक्य डोळा वाचत नाही, मनात असतं तेच त्याला दिसतं. पैसे द्या. या संपूर्ण मार्गदर्शनात बिनशर्त खर्च करायला सांगितलेली ही एकच जागा आहे.

आयएसबीएनसाठी मात्र कोणी पैसे मागितले तर उठून या. तो तेरा आकडी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी मोफत देते, अर्ज ऑनलाइन होतो. 'पॅकेज'मध्ये तो विकणारे लोक आहेत, आणि त्यांच्या माहितीपत्रकावर सूर्योदयाचं चित्र असतं.

फॉर्म

आता प्रेसमध्ये चला. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कोणाला विचारलंत तरी पत्ता मिळेल. प्रेसवाल्यांना तुमच्या कादंबरीचा विषय सांगू नका, ते विचारणार नाहीत. ते विचारतील, "किती फॉर्म?"

ऑफसेटवर पुस्तक पानापानाने छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात, त्याच्या घड्या घालतात, तो एक फॉर्म. पुस्तक म्हणजे असे फॉर्म एकावर एक ठेवून केलेली बांधणी. तुमची कादंबरी पान २७५ वर संपते. १७ फॉर्म म्हणजे २७२. वरच्या तीन पानांसाठी अठरावा फॉर्म चढवावा लागेल आणि त्याची तेरा पानं कोरी जातील. प्रेसवाले पेन कानामागे ठेवतात आणि म्हणतात, "साहेब, तीन पानं कमी करा ना."

इथे एक चमत्कार घडतो. चार वर्षांत एक विशेषण गाळायला तयार नसलेला लेखक त्या रात्री अकरा वाजता बसतो आणि साडेबारापर्यंत तीन पानं उडवतो. पहिल्या प्रकरणातला पाऊस जातो. नायकाच्या आजोळच्या वाड्याचे खांब जातात. सकाळी वाचून बघा: कुठून काय काढलं ते तुम्हालाही चटकन सापडत नाही, उलट माणूस आता पहिल्याच पानावर घरात शिरतो, आधी अडीच पानं अंगणात भिजत उभा असे.

कागदाचा भाव ऐकून झाल्यावर प्रेसवाले बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगतात. "अजून कमी झालं तर परवडेल. अठ्ठेचाळीस पानं गेली तर बरोबर तीन फॉर्म वाचतात." ४१ ते ८८ किती होतात ते त्यांना माहीत असायचं कारण नाही. बाईंची आणि त्यांची ओळखही नाही.

या मुक्कामावर नवशिक्यांचे दोन तट पडतात. एक तट घरी जाऊन शिडी लावतो आणि माळ्यावरची कापडी पिशवी काढतो. दुसरा तट म्हणतो, "पैशाचा प्रश्न नाही, साहित्याचा आहे," आणि १७ फॉर्मांची ऑर्डर देतो. पुढचा मजकूर दुसऱ्या तटासाठी आहे. पहिल्याला आमच्या मार्गदर्शनाची फारशी गरज राहिलेली नाही.

हिशेब

समजा ३०० प्रती छापल्या, प्रत १३० रुपयांना पडली: ३९,०००. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३०,०००. एकूण ६९,०००. किंमत ठेवली ३०० रुपये. दुकानदाराला ४० टक्के सूट द्यायची तर तुमच्या हातात प्रतीमागे १८० येतात. तीनशेच्या तीनशे प्रती विकल्या, तर ५४,०००. म्हणजे आवृत्ती संपूर्ण संपली, घरोघरी तुमचं नाव झालं, तर तुम्हाला पंधरा हजारांचा तोटा होईल. कमी खपली तर जास्त.

म्हणून पिशवी घेऊन स्वतः विका. पूर्ण किमतीला २३० प्रती गेल्या की मुद्दल सुटतं. पण स्वतः विकताना समोरचा माणूस ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या माणसाला वाटतं की पुस्तक 'सप्रेम भेट' आहे. त्याने हात पुढे केलेला असताना तुम्ही तीनशे रुपये म्हणायचं असतं. हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा. कादंबरीतला सर्वांत अवघड संवाद याच्यापुढे काहीच नाही.

एखादं प्रकरण कथा म्हणून दिवाळी अंकाला द्यावं, त्याने नाव होतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. मानधनाबद्दल फोनवर विचारू नये. समोरचा इतका मनापासून कळवळून कागदाचे भाव सांगतो की आपणच वर्गणी भरून बसतो.

ऑनलाइन वावर

पुस्तक येण्याआधी सहा महिने फेसबुकवर हजर राहायला सुरुवात करा. आधी 'काहीतरी येतंय', मग 'लवकरच', मग मुखपृष्ठाचा एक कोपरा, मग अख्खं मुखपृष्ठ. या काळात कादंबरीवर पुन्हा एक हात फिरवता आला असता, पण लोक वाट बघतायत.

पुस्तक आल्याची पोस्ट टाकली की पहिल्या तासात 'अप्रतिम!' अशा प्रतिक्रिया येतील. पुस्तक अजून कुरिअरमध्येच आहे, याचा विचार करू नये. पोस्टमध्ये किंमत, नंबर आणि दुवा दिलेला असेल, तरी खाली 'कुठे मिळेल?' असं विचारणारे येतील. प्रत्येकाला उत्तर द्या. उत्तर दिल्यावर त्यांनी बदामाचं चिन्ह दिलं म्हणजे व्यवहार पूर्ण झाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या कादंबरीची पीडीएफ फिरू लागली तर चिडू नका. वाचक स्वतःहून कळवतात, "सर, ग्रुपवर आली होती, एका बैठकीत संपवली, मी पण तीन ग्रुपना पाठवली." त्या बैठकीचं तरी मोल आहे. कायद्याने तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं लेखनाचे हक्क तुमचे आणि तुमच्या वारसांचे राहतात. वारसांना हे लगेच सांगू नका, आधी त्यांना दिवाणातले न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे दाखवा.

किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं अधिकृतपणे घेतात. केडीपी या किंडलच्या प्रकाशन-मंचावर स्वतःच पुस्तक चढवायचं, दलाल नाही. मानधनाचे दर दोन, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर सत्तर हवे असतील तर 'सिलेक्ट' नावाच्या योजनेत नव्वद दिवस बांधून घ्यावं लागतं, आणि तेवढ्या काळात ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. याच योजनेत वर्गणीदार वाचकांनी किती पानं वाचली त्यावर पैसे मिळतात, म्हणून रोज वाचलेल्या पानांचा आलेख दिसतो. नवशिक्यांनी तो सकाळी, दुपारी आणि झोपण्यापूर्वी बघावा. सोमवारी चाळीसेक पानांचा एक उंच खांब असतो. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. किंडलची पानं आणि छापील पानं मोजायची रीत वेगळी असते, तेव्हा यातून काही निष्कर्ष काढू नये असं मनाला बजावा. पुढच्या सोमवारी दुसरा वाचक येतो. पुन्हा चाळीसेक पानं.

प्रतिलिपीसारख्या मंचावर हप्त्याहप्त्याने कादंबरी टाकणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल छापील साहित्यिक जरा नाक मुरडून बोलतात. तुम्हीही मुरडा, पण एकदा तिथल्या प्रतिक्रिया वाचा. 'ताई, पुढचा भाग लवकर टाका.' 'सासूचं काय झालं ते राहिलंच.' 'मागचे दोन भाग उगाच वाढवले.' भाषा कच्ची असते, सासवा एकसारख्या असतात, सगळं मान्य. तरी आपट्यांच्या वर्गणीदारांचे वारस मला तिथेच दिसतात. तिथल्या एखाद्या ताईने ४१ ते ८८ अशी अठ्ठेचाळीस पानं काही न घडता लिहिली असती, तर पन्नासाव्या पानाच्या आत तिचे वाचक निघून गेले असते आणि तिला ते त्याच रात्री कळलं असतं. तुम्हाला ते कळायला एक निवृत्त बाई, एक प्रेसवाले आणि एक आलेख लागला, आणि तरी तुम्ही प्रयोगावर ठाम आहात.

समारंभ

सभागृह, हार, बटाटेवडे, चहा. पुस्तकावर चमकीचा कागद लावून सुतळीने अशी गाठ मारावी की ती सुटेपर्यंत छायाचित्रकाराला चार फोटो मिळावेत. प्रमुख पाहुणे 'पुस्तक मला कालच मिळालं' असं म्हणून पंचवीस मिनिटं बोलतील, त्यातली वीस स्वतःच्या पुस्तकाबद्दल. काकांना पहिल्या रांगेत बसवा.

शेवटचं काम

हे बहुतेक स्वतंत्र लेखक विसरतात. तुम्ही आता लेखक आहात तसेच प्रकाशकही आहात, आणि प्रकाशकाला १९५४ चा एक केंद्रीय कायदा लागू होतो. पुस्तक प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नईच्या कोनेमारा, मुंबईच्या मध्यवर्ती आणि दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला पाठवायची असते. खर्च तुमचा. चार प्रती, चार पाकिटं, टपाल कचेरीची एक रांग.

कुरकुर न करता पाठवा. प्रकाशकांनी वाचून कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही, समीक्षकांना प्रत पोचली की नाही तेही समजलं नाही, पाहुण्यांनी सुतळीच्या पुढे पुस्तक उघडलं नाही. ग्रंथालयांना मात्र प्रत मिळाल्याची पावती लेखी द्यावी लागते, तसं त्याच कायद्यात म्हटलं आहे. कोलकात्याहून लिफाफा आला की फाडण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि फेसबुकवर टाका. 'अप्रतिम!' अशी पहिली प्रतिक्रिया काकांची असेल.